बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?

(ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानातला काही भाग)

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त मास्तर माझ्याकडे आले. आले म्हणजे मुलाने आणि जावयाने दोन्ही बाजूंनी धरून आणले. तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा हात लोंबता. तीन वर्षांपूर्वी त्यांची वाचा तासाभरासाठी गेली होती आणि आपोआप परत आली होती. तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. बाईंनी पिशवीतून फाइल काढली, अगदी शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली. शेवटची नोंद १२८/७८. पुढची पानं कोरी. बाई म्हणाल्या, "नॉर्मल आलं म्हणून ह्यांनी गोळ्या सोडल्या."

बैल गोठ्यात शांत उभा असतो तो दाव्यामुळे. शांत आहे म्हणून दावं सोडलंत, तर सकाळी शेजाऱ्याच्या शेतात शोधायला जावं लागतं. ते १२८ गोळीने धरून ठेवलेलं होतं.

एकदा लकव्याचा झटका येऊन गेला, मग तो तासाभराचा का असेना, की पुन्हा येण्याचा धोका बराच वाढतो. अशाच ६,१०५ लोकांवर झालेला 'प्रोग्रेस' नावाचा मोठा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गोळ्यांनी वरचं बीपी सरासरी फक्त ९ने उतरलं, पण चार वर्षांत पुन्हा झटका येण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं. ज्यांना दोन औषधं जोडीने दिली, त्यांचं बीपी १२ने उतरलं आणि झटके ४३ टक्क्यांनी. आणि यातल्या कित्येकांचं बीपी मुळात 'वाढलेलं' म्हणण्याइतकंही नव्हतं! म्हणून लकवा येऊन गेलेल्या माणसाला आम्ही १३०/८०च्या खाली न्यायला बघतो, अर्थात त्याला झेपेल तसं. उठताना चक्कर येत असेल तर सांगा, मात्रा बदलता येते. गोळी परस्पर बंद करू नका.

"वय अधिक शंभर, एवढं बीपी चालतं," हे वाक्य मी आजही लग्नाच्या पंगतीत ऐकतो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होतं. तेव्हा हाताशी चांगलं औषधच नव्हतं. पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा वरचा आकडा ३०० होता. पुढे १९९१ साली साठीच्या पुढच्या, फक्त वरचं बीपी चढलेल्या लोकांचा अभ्यास आला. लघवी वाढवणाऱ्या एका स्वस्त गोळीपासून उपचार सुरू केले होते, आणि लकवे ३६ टक्क्यांनी घटले. तेव्हा ते शंभराचं गणित आता सोडा.

गोळ्या घेऊनही बीपी उतरत नाही, अशी तक्रार असते. मी आधी विचारतो, गुडघ्यासाठी काय घेता? मेडिकलमधून आणलेल्या बऱ्याच दुखण्याच्या गोळ्या बीपी चढवतात. दुसरा प्रश्न लोणचं-पापडाचा. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे एक छोटा चमचासुद्धा पुरता नाही. पोटॅशियमवालं मीठ उपयोगी असतं, पण मूत्रपिंड अधू असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको.

घरी मोजताना पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडी नको, दंड छातीच्या उंचीला. चहा-तंबाखू होऊन अर्धा तास गेलेला असावा, आणि आधी लघवीला जाऊन या. पट्टा शर्टाच्या बाहीवरून बांधायचा नाही. सुनेशी बोलत मोजलेलं बीपी मी धरत नाही, त्यात तिचाही वाटा असतो. (हशा)

तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर जिभेखाली बीपीची गोळी ठेवू नका. दाब एकदम पडला की मेंदूचं उरलंसुरलं रक्तही आटतं. १०८ला फोन करा, आणि माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मास्तरांच्या घरी त्या दिवशी पहिले तीन तास मालिशवाल्याला शोधण्यात गेले होते.