संबळवाल्याच्या कानात तुणतुणं

(दृश्य: पत्र्याचं घर, भिंतीवर टांगलेल्या वाकळा)

तुळजापूर. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, दहा बाय बाराची ही खोली. वाकळा थंडीसाठी नाहीत. आवाज भिंतीवर आपटून माघारी येऊ नये म्हणून आहेत. आज इथं गोंधळ रेकॉर्ड होतोय. दिवटी कोपऱ्यात टेकवलेली. नाईक माइकपुढं, तुणतुणं दाराशी आणि संबळ बाहेर पडवीत, कारण खोलीत वाजला तर तो गाण्याच्या माइकमध्ये शिरतो.

एकमेकांचं ऐकू यायचं ते फक्त हेडफोनमधून.

(दृश्य: मिक्सर, जवळून)

या मिक्सरला हेडफोनची जागा एकच. आजवर तिथंच स्प्लिटर लावून तिघांना जोडायचे. म्हणजे रेकॉर्डिंगवाला दादा जे ऐकेल तेच सगळ्यांच्या कानात. त्यानं संबळ तपासायला सोलो, म्हणजे एकटं तेच वाद्य ऐकायचं बटण, दाबला की नाईकांचा स्वतःचाच आवाज गायब. ते थांबायचे. पुन्हा पहिल्यापासून आवाहन.

अशा वेळी लोक म्हणतात, यांना स्टुडिओची सवय नाही. संबळाच्या कडकडाटात रात्रभर सूर न सोडणाऱ्या माणसाबद्दल हे म्हणायचं?

(दृश्य: नॉबच्या ओळीवर बोट)

ही ओळ ऑक्सची. शेतात पाण्याला दारं धरतात ना, पाट तोच, पण कुठल्या वाफ्यात किती सोडायचं ते आपल्या हातात? तसंच. फेडर, म्हणजे वर-खाली सरकणारी दांडी, मुख्य मिक्सचा. ऑक्स त्याच चॅनलचा, म्हणजे त्याच माइकच्या ओळीचा, आवाज वेगळ्या वाटेनं बाहेर काढतो. शेजारचं बारकं बटण दाबलं की तो फेडरच्या आधीच घेतला जातो, म्हणजे प्री-फेडर. मग दादा फेडर वर करो की खाली, कानातलं हलत नाही.

ऑक्स एक नाईकांचा: स्वतःचा आवाज मोठा, तुणतुणं भरपूर, संबळ ठेक्यापुरता. ऑक्स दोन बाकी दोघांचा. संबळवाले काका म्हणाले, "माझा संबळ कशाला देता? तो पोटाला लागतोय. तुणतुणं द्या." दिलं.

(दृश्य: नाईक उजव्या कानाला हात लावतात)

ऑक्सच्या आउटला हेडफोन थेट लावून भागत नाही, तिथल्या लाइन सिग्नलला तेवढा जोर नसतो. म्हणून मधे हा हेडफोन ॲम्प. ऑक्स मोनो, ॲम्प स्टिरिओ. आवाज एकाच कानात आला. ॲम्पवरचं मोनोचं बटण दाबलं, दोन्ही कान उघडले.

नाईकांना देवळातल्यासारखा घुमारा हवा होता. तिसऱ्या ऑक्सनं आवाज रिव्हर्बला पाठवला, परत आणला रिकाम्या चॅनलवर, आणि त्या चॅनलचा ऑक्स एक थोडा उघडला. तिथला तिसरा ऑक्स मात्र पूर्ण बंद, नाहीतर रिव्हर्ब स्वतःलाच गिळून किंचाळायला लागतो.

हे सगळं मिक्सरमध्येच. कॉम्प्युटरमधून फिरवलं असतं तर ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा एक बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढं ढकलतो तो आवाजाचा तुकडा, म्हणजेच पाच मिलिसेकंदांहून जास्त उशीर, तोही जाताना आणि येताना. संबळाला तो खपत नाही.

(दृश्य: पडवी, मग खोली)

दुपारपर्यंत तीन पदं झाली.

चौथं सुरू आहे. दादा सोलो दाबतो. नाईक गातायत.