एप्रिल संपण्याच्या आत : अ‍ॅन आर्बरचा वसंत

(दृश्य : मार्चमधील मेन स्ट्रीट. फुटपाथच्या कडेला साचलेला, काळवंडलेला बर्फ.)

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, डेट्रॉईटच्या पश्चिमेला मोटारीने पाऊण तासाच्या अंतरावर अ‍ॅन आर्बर आहे. त्याला गाव म्हणायचे ते केवळ जुन्या सवयीने, कारण लोकसंख्या आता सव्वा लाखाच्या आसपास पोहोचली आहे आणि मिशिगन विद्यापीठाचे विद्यार्थीच पन्नास हजारांहून अधिक आहेत. १८३७ साली हे विद्यापीठ डेट्रॉईटहून येथे हलवण्यात आले. तेव्हापासून गावाने दुकाने केव्हा भरायची, घरे केव्हा भाड्याने द्यायची आणि नाटके केव्हा लावायची, हे बहुतांशी विद्यापीठाच्या वेळापत्रकावरून ठरत आले आहे.

वसंत ऋतू मात्र या वेळापत्रकाला जुमानत नाही. येथे मार्चभर थंडी असते, एप्रिलमध्येही एखाद्या सकाळी बर्फ पडलेला दिसतो आणि झाडे खऱ्या अर्थाने हिरवी होतात ती मे महिन्यात. विद्यार्थ्यांच्या परीक्षा तर एप्रिलअखेर संपतात. म्हणजे ज्या दिवसांत घराबाहेर पडावेसे वाटते, नेमक्या त्याच दिवसांत गावातला निम्मा प्रेक्षक निघून गेलेला असतो. त्यामुळे अ‍ॅन आर्बरचा कलेचा वसंत कोट, टोपी आणि हातमोज्यांसह साजरा करावा लागतो.

पूर्वी असे नव्हते.

(दृश्य : हिल ऑडिटोरियम, बाहेरून आणि मग आतून.)

येथील युनिव्हर्सिटी म्युझिकल सोसायटी १८७९ सालापासूनची. या संस्थेने १८९४ च्या मे महिन्यात बोस्टनहून एक वाद्यवृंद बोलावला, त्याच्या जोडीला गावकरी आणि विद्यार्थी यांचे मिळून बनलेले गायकवृंद उभे केले आणि मे फेस्टिव्हल सुरू केला. महोत्सव वाढला, तशी जागा अपुरी पडू लागली. आर्थर हिल हे लाकडाच्या व्यापारात मोठे झालेले माजी विद्यार्थी. त्यांनी मृत्युपत्राद्वारे दोन लाख डॉलर ठेवले आणि वास्तुविशारद अल्बर्ट कान यांच्या आराखड्यानुसार १९१३ साली हे सभागृह उभे राहिले. रंगमंचापासून छतापर्यंत सलग वळत गेलेला हा आकार केवळ शोभेसाठी नाही. मंचावरचा बारीक आवाजही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा, यासाठी भिंती आणि छत यांची वक्रता हिशेबाने ठरवलेली आहे. येथील ऑर्गन (हवेच्या नळ्यांतून वाजणारे भव्य वाद्य) मुळात १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला होता. १९३६ पासून १९८४ पर्यंत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा दरवर्षी मे महिन्यात येथे मुक्कामाला येत असे, आणि अमेरिकेतल्या पहिल्या फळीचा वाद्यवृंद अनेक दिवस एका छोट्या गावात वाजवतो आहे, याचे गावाला मोठे अप्रूप होते.

१९६० च्या दशकात विद्यापीठाने शैक्षणिक वर्षाची मांडणी बदलली. वर्गांचे सत्र जूनऐवजी एप्रिलअखेर संपू लागले आणि मे फेस्टिव्हलचा तरुण श्रोता त्याच्या हातून निसटला. फिलाडेल्फियाचे वादक येण्याचे थांबले, त्यानंतर १९९५ साली महोत्सवही बंद झाला. खर्च, बदललेली अभिरुची, वर्षभर होणाऱ्या मैफलींची स्पर्धा ही कारणे होतीच. परंतु मे महिन्याचे नाव धारण करणाऱ्या महोत्सवाला मे महिन्यातच श्रोते उरू नयेत, ही गोष्ट आमच्या मते या सर्वांहून जड होती.

त्यानंतर रुजलेल्या आणि टिकलेल्या गोष्टी पाहिल्या, तर त्यांपैकी बहुतेक मार्च-एप्रिलमधल्या आहेत.

(दृश्य : मिशिगन थिएटरची प्रकाशित पाटी, दारापर्यंत गेलेली रांग.)

अ‍ॅन आर्बर फिल्म फेस्टिव्हल मार्चमध्ये भरतो. कलाशिक्षक जॉर्ज मॅनुपेली यांनी १९६३ साली तो सुरू केला आणि प्रायोगिक चित्रपटांसाठी भरणाऱ्या महोत्सवांत उत्तर अमेरिकेतील सर्वांत जुना महोत्सव म्हणून तो आज ओळखला जातो. आरंभीची अनेक वर्षे येथे फक्त सोळा मिलिमीटर फिल्मवर केलेले चित्रपट स्वीकारले जात. कारण सरळ होते : ही फिल्म स्टुडिओच्या पाठबळाशिवाय, एकट्याने काम करणाऱ्यालाही परवडत असे. १९६६ साली पॉप आर्टचे चित्रकार अँडी वॉरहॉल यांचा चमू व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडसह येथे प्रयोग करून गेला. कथानक नसलेले, कधी केवळ फिल्मवर ओढलेल्या ओरखड्यांचे बनलेले चित्रपट पाहायला भर थंडीत लोक रांगा लावतात. त्यांतले सगळेच चित्रपट चांगले असतात असे नाही. काही सरळ कंटाळवाणे असतात, आणि तसे मोठ्याने म्हणण्याची मुभा प्रेक्षक घेतात.

ज्या मिशिगन थिएटरमध्ये हा महोत्सव आता भरतो, ते मूकपटांच्या काळातले, १९२८ सालचे आहे. १९७९ साली तेथे खाण्यापिण्याची दुकाने काढण्याचा विचार चालला होता. तेथे मूकपटांना साथ देणारा बार्टन कंपनीचा ऑर्गन होता; त्याच्या प्रेमापोटी जमलेल्या हौशी मंडळींनी आणि नगरपालिकेने ते वाचवले. चित्रपटाआधी हा ऑर्गन अजूनही वाजतो आणि वादकाला घेऊन मंचासमोरच्या खड्ड्यातून सावकाश वर येतो.

(दृश्य : कार्यशाळा. जमिनीवर वर्तमानपत्रांच्या पट्ट्या, चिकटलेले हात.)

एप्रिलच्या आरंभी, एका रविवारी दुपारी, मेन स्ट्रीट मोटारींसाठी बंद होतो आणि फेस्टिफूल्स ही पुतळ्यांची मिरवणूक निघते. २००७ साली मार्क टकर या शिक्षकाने हा उद्योग सुरू केला. इटलीतील व्हियारेज्जो येथील कार्निव्हलमधले कागदी लगद्याचे प्रचंड पुतळे त्यांनी पाहिले होते. तसेच पुतळे त्यांनी आपल्या वर्गाकडून करवून घेतले. या वर्गातली मुले चित्रकला-शिल्पकला शिकणारी नसतात. कोणी अर्थशास्त्र शिकतो, कोणी जीवशास्त्र. लाकडी पट्ट्या आणि तारेची जाळी यांचा सांगाडा करायचा, त्यावर गोंदात बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे थरावर थर चढवायचे, आधीचा थर वाळल्याशिवाय पुढचा लावायचा नाही आणि शेवटी रंग द्यायचा. कागदी लगद्याचा गणपती करताना ज्याने पाहिला आहे, त्याला ही कृती नवी वाटणार नाही. फरक असा की हा पुतळा माणसाच्या दुप्पट उंचीचा असतो, त्याचा जबडा किंवा हात दोरीने हलवायचा असतो आणि तो खांद्यावर घेऊन चालायचे असते. वारा सुटला तर पुतळा नेणाऱ्यालाच घेऊन जाईल अशी परिस्थिती होते, म्हणून दोघे-तिघे खालून काठ्या धरतात. एवढ्या महिन्यांच्या मेहनतीची मिरवणूक जेमतेम तासाभरात आटोपते. विषय राजकीय पुढाऱ्यांपासून माश्यांपर्यंत काहीही, आणि पाहणारे व नाचणारे यांच्यामध्ये दोरी बांधलेली नसते.

याच सुमारास संगीत महाविद्यालयाच्या इमारतीत रोज कोणा ना कोणाचे पदवीसाठीचे वादन किंवा गायन असते. प्रवेश विनामूल्य असतो, आणि कित्येकदा श्रोत्यांत गुरू, चार मित्र आणि कोणी चोखंदळ निवृत्त गावकरी एवढेच असतात. आमच्या मते वर्षातले सर्वांत मनापासून झालेले संगीत येथे ऐकायला मिळते. गिल्बर्ट आणि सलिव्हन या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज जोडीच्या विनोदी संगीतिका करणारी, विद्यार्थी आणि गावकऱ्यांची मंडळी १९४७ पासून आहे. तिचाही एक प्रयोग वसंतातच होतो. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी भरणारा हॅश बॅश हा गांजाच्या कायद्याविरुद्ध १९७२ साली सुरू झालेला मेळावा. २०१८ साली राज्यातल्या मतदारांनी गांजा कायदेशीर केल्यामुळे त्यातला निषेध आता बराचसा औपचारिक उरला आहे.

(दृश्य : पदवीदानाचा काळा झगा, गर्दी. पुढच्या दृश्यात रस्त्याकडेला सोफा.)

मग पदवीदान येते. डेट्रॉईट परिसरात मोटार उद्योगामुळे मराठी कुटुंबे बरीच आहेत आणि पुण्या-मुंबईहून अभियांत्रिकीसाठी आलेले विद्यार्थीही येथे असतात. मुलाच्या पदवीदानासाठी आलेल्या आईवडिलांना गाव फुलांनी बहरलेले दिसते, पण महोत्सव संपलेले असतात. त्या आठवड्यात फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलफॅन यांचे ढीग लागतात, आणि ज्यांना हवे ते गावकरी त्यातून निवडून नेतात.

उरलेला वसंत गावकऱ्यांचा. विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटम या वनोद्यानात १९२७ सालापासून पिओनी फुलांची बाग आहे. तिचा बहर मेअखेर ते जूनच्या आरंभी येतो. याच उद्यानात २००१ पासून जूनमध्ये शेक्सपिअरचे नाटक होते. त्यात सुट्टीतही थांबलेले विद्यार्थी असतात आणि गावातली हौशी मंडळीही. रंगमंच नाही, ध्वनिक्षेपक नाही. एक प्रवेश दरीच्या तोंडाशी झाला की प्रेक्षकांनी आपापली सतरंजी उचलायची आणि नटांच्या मागोमाग पुढच्या झाडाखाली जाऊन बसायचे. जूनमध्ये येथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे पाचव्या अंकापर्यंत दिव्यांची गरज पडत नाही. डासांचा बंदोबस्त मात्र ज्याचा त्याने करायचा असतो.