समुद्राच्या तळावरचं गाव आणि पाण्याची पाळी

नमस्कार श्रोतेहो,

माझ्या माहेरी देवघरात एक शाळिग्राम आहे, पणजीपासून चालत आलेला, काळाभोर, मुठीत मावेल एवढा, आणि एका बाजूचा टवका उडालाय तिथून आत चक्रासारखी वळणं दिसतात. लहानपणी आई त्याच्यावर पळीनं पाणी घालायची तेव्हा ती वळणं ओली होऊन चमकायची आणि मी बघत बसायचे. तर 2022 च्या ऑगस्टमध्ये मी हिमाचल प्रदेशात, स्पिती खोऱ्यातल्या लांग्झा नावाच्या गावात एका घराच्या ओट्यावर बसले होते, साधारण साडेचौदा हजार फुटांवर, आणि त्या घरातल्या पोरानं माझ्या हातात एक काळा दगड ठेवला, त्याच्या दोन फाका वेगळ्या होत होत्या, आणि आत बघते तर तीच वळणं. अगदी तीच. मला मिनिटभर काही सुधरेचना.

शाळिग्राम नेपाळात गंडकी नदीत सापडतात हे आपल्याला माहीत असतं. तो मुळात अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म आहे, शंखात राहणारा जीव, माकूळ आणि ऑक्टोपसच्या भाऊबंदांपैकी. हिमालय व्हायच्या आधी तिथं टेथिस नावाचा समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात हे शंख गाडले गेले, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी, मग आपला भारताचा तुकडा उत्तरेला सरकत सरकत जाऊन आशियाला भिडला आणि तो सगळा तळ वर उचलला गेला. त्या काळ्या दगडाच्या थराला भूगर्भशास्त्रात नावच आहे स्पिती शेल. म्हणजे आईच्या देवघरातला देव आणि या पोराच्या हातातला दगड, दोघंही एकाच समुद्रातले म्हणायचे.

आणि त्याच घरात त्या दिवशी सकाळी नळाला पाणी नव्हतं.

मला आज याच्याबद्दलच बोलायचंय. स्पितीबद्दल तुम्ही ऐकलं असेल, फोटो बघितले असतील, बाईकवाली पोरं हेल्मेटला कॅमेरा लावून जातात ते व्हिडिओ बघितले असतील, पण मी मूळची माण तालुक्यातली, सातारा जिल्ह्याच्या पूर्वेची, आणि मला तिथं गेल्यावर पहिल्यांदा डोंगर दिसलेच नाहीत, मला दिसली पांढऱ्या मातीची धाब्याची घरं आणि पाण्याची पाळी. सह्याद्री ढग अडवतो म्हणून माण-खटाव कोरडं, तसंच तिथं पीर पंजाल आणि मोठा हिमालय पावसाळी ढग अडवतात म्हणून स्पिती कोरडी. कारण एकच, फक्त तिथं सगळं दहापट मोठं.

आधी एक सांगते, ही माझी दुसरी खेप. पहिल्यांदा 2014 ला गेलो होतो ते मनालीवरून, एका टूरवाल्याबरोबर, आणि त्यानं पहिल्याच दिवशी आम्हाला मनालीच्या पावणेसात हजार फुटांवरून उचलून थेट चंद्रताल तलावाला नेऊन टाकलं, ते चौदा हजारांच्या वर आहे. एका दिवसात सात हजार फूट! रात्री माझ्या मैत्रिणीचं डोकं फुटायला लागलं, उलट्या थांबेनात, नीट चालता येईना, बोलताना अडखळायला लागली, आणि तिथं दवाखाना नाही, फोनला रेंज नाही. पहाटे फटफटल्यावर गाडी काढून तिला खाली आणलं आणि जसजसे खाली येत गेलो तसतशी ती शुद्धीवर येत गेली. कुंझुम खिंड ओलांडली की स्पितीचं खोरं लागतं, तिच्या अलीकडूनच आम्ही परत फिरलो, स्पिती बघितलीच नाही.

हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडं लोक म्हणतात आम्ही कळसूबाई केलंय, हरिश्चंद्रगड केलाय, आम्हाला काय होतंय. कळसूबाई 5400 फूट आहे हो, लांग्झा जवळजवळ तिच्या पावणेतीनपट. तिथं एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं साठ टक्क्यांच्या आसपासच ऑक्सिजन मिळतो, आणि तुम्ही किती फिट आहात याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट फिट माणूस भराभर चढतो म्हणून त्याला जास्त धोका. साधारण दहा हजार फुटांच्या वर गेलं की झोपायची जागा रोज दीड हजार फुटांपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा वर जाऊन या हवं तर, पण रात्री खाली या. आणि डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर तिथंच थांबायचं, आणखी वर जायचं नाही, नुसती गोळी घेऊन रेटायचं तर अजिबात नाही, वाढलं तर लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी.

म्हणून दुसऱ्या वेळेला आम्ही उलट्या बाजूनं गेलो, सिमल्याकडून किन्नौरमार्गे, आणि गाडी न करता एसटीनं. तीच मैत्रीण बरोबर होती, तिनंच हट्ट धरला होता. सिमल्यावरून रेकाँग पिओ, मग वर कल्पाला दोन रात्री, समोर किन्नर कैलास दिसतो, सफरचंदाच्या बागा. मग पिओवरून सकाळची काझाची बस, काझा म्हणजे स्पितीतलं मुख्य गाव. सुमारे 200 किलोमीटर आणि अख्खा दिवस जातो. बसमध्ये मागची जागा वाटाण्याच्या रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेली, वाटाण्याची तोड चालू होती ना, दोन शाळकरी पोरं, एक म्हातारे लामाजी जपमाळ फिरवत, आणि एक बाई कोंबडीची पिल्लं खोक्यात घेऊन. ड्रायव्हरशेजारी बुद्धाचा फोटो आणि शंकराचा फोटो, दोघांना मिळून एकच हार.

खाब नावाच्या जागी तिबेटातून आलेली सतलज आणि आपली स्पिती नदी एकत्र येतात आणि तिथून पुढं झाडं संपतात, खरंच संपतात, कुणी खोडरबरानं पुसल्यासारखी. रस्ता कड्यात कोरलेला, डोक्यावर दगडाचं छत आणि खाली नदी. नाको गाव गेलं की मलिंग नाला लागतो, तिथं दरड सतत खाली येत असते. आमची बस दीड तास उभी, वरून बारीक खडे घरंगळत होते आणि कंडक्टर पायी पुढं जाऊन डोंगराकडं टक लावून उभा, त्यानं शिट्टी मारली तसं ड्रायव्हरनं गाडी सुसाट पलीकडं काढली, सगळे गप्प, लामाजींची माळ तेवढी जोरात फिरत होती. पलीकडं गेल्यावर कंडक्टर पळत आला, वर चढला आणि काही घडलंच नाही असं तिकिटं फाडायला लागला. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

ताबोला दोन रात्री राहिलो. तिथला मठ इसवी सन 996 चा, म्हणजे आपल्याकडं शिलाहार आणि यादव होते त्या काळातला. बाहेरून बघितलं तर मातीचे ढिगारे वाटतात, आत पाय ठेवला की अंधारात भिंतीभर रंग आणि भिंतीतून पुढं आलेल्या मूर्ती. फोटो काढू देत नाहीत, आणि ते बरंच आहे, माणूस नीट बघतो. हिमालयातलं अजिंठा म्हणतात त्याला, पण अजिंठा दगडात आहे आणि हे निव्वळ मातीत, हजार वर्षं टिकलं ते पाऊस जेमतेम पडतो म्हणून. 1975 च्या भूकंपात तडे गेले, तरी उभं राहिलं. आता मात्र मधूनच अवेळी जोराचा पाऊस होतो आणि मातीचं धाबं ठिबकतं, ही तिथल्या लोकांची मोठी काळजी. धाब्याच्या घरात वाढलेल्या माणसाला ती काळजी समजावून सांगावी लागत नाही.

काझाला दोन रात्री काढल्या, मग लांग्झा. काझापासून पंधराएक किलोमीटर, पण अडीच हजार फूट चढ. गावाच्या माथ्यावर बुद्धाची मोठी मूर्ती आणि मागं 6303 मीटरचं चाऊ चाऊ कांग निल्डा हे शिखर. खाली थोडीशी घरं आणि हिरवे तुकडे, वाटाणा आणि जव. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्यांना आमा म्हणायचं, आमा म्हणजे आई. वय साठीच्या पुढं, दिवसभर पायाला भिंगरी. ‘जुले’ म्हटलं की झालं, नमस्कारही तोच आणि धन्यवादही तोच. जवाचं सातू, ते त्याला चांपा म्हणतात, लोणी-मिठाचा चहा, थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप, आणि तिथला तो काळा वाटाणा, मला एकदम मालवणातल्या काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याची आठवण आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमा फावडं घेऊन निघाल्या. कुठं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आज हमारा पानी है. म्हणजे दारं धरायला, पाटाचं पाणी वाफ्यांत वळवायला! मी पण निघाले मागनं, धापा टाकत, दर वीस पावलांवर थांबत. वर बर्फ वितळतं तिथून पाट काढलाय, त्याला ते कूल म्हणतात, कड्याकड्यानं दगड-मातीनं बांधत गावापर्यंत आणलेला, रात्रभर पाणी एका तळ्यात साठवायचं आणि सकाळी सोडायचं, कुणाच्या वाफ्याला किती वेळ ते घराघराच्या हिश्शानं पूर्वापार ठरलेलं. आपल्याकडं धुळ्यात पांझरेवर फड पद्धत आहे ना, गावानं मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायची, तसंच. आमा फावड्याच्या एका टोल्यानं बारं फोडायच्या आणि पायानं चिखल दाबून बंद करायच्या, माझी आजी करायची तस्संच, टाच फिरवायची पद्धतसुद्धा तीच. बोलता बोलता म्हणाल्या, बर्फ अब कम गिरता है, पहले खिडकी तक आता था. हिवाळ्यात बर्फ कमी म्हणजे उन्हाळ्यात पाटाला पाणी कमी, साधा हिशोब आहे, तिथं धरण नाही, विहीर नाही, बर्फ हीच त्यांची बँक.

आणि आता आपल्या लोकांबद्दल, म्हणजे माझ्यासारख्या फिरायला जाणाऱ्यांबद्दल बोलते. स्पितीच्या घरात जुना संडास कोरडा असतो, वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, बाजूला मातीचा आणि राखेचा ढीग आणि फावडं, वापरून झालं की दोन फावडी माती टाकायची. खाली वर्षभरात खत होतं आणि वसंतात ते शेतात जातं. वास येत नाही, थेंबभर पाणी लागत नाही, आणि थंडीत पाइप फुटायची भानगडच नाही, कारण उणे वीस-पंचवीसला पाइपमधलं पाणी गोठतं. पण पाहुणे फ्लश मागतात, गरम पाण्याचा शॉवर मागतात. मी तिथं असताना एक ग्रुप आला, आठ जण, सगळ्यांनी एका संध्याकाळी आंघोळी केल्या, आणि सकाळी नळाला पाणी नव्हतं ते त्याच्यामुळं. आमा काही बोलल्या नाहीत, कॅन पाठीला बांधून झऱ्यावर गेल्या. मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहिलेली बाई आहे हो, माझ्या घशाखाली चहा उतरेना. मी त्या ग्रुपला जाऊन सांगितलं, मराठीच होते, पुण्याकडचे, त्यांना खरंच माहीत नव्हतं, वाईट वाटलं त्यांना, आणि दुसऱ्या दिवशी दोघं कॅन घेऊन आमांच्या मागं गेले.

तर जाणार असाल तर एवढं करा, तिथं बादलीभर आंघोळ रोज करू नका, कोरडा संडासच मागून घ्या, आणि एका गावात निदान तीन रात्री राहा. सहा दिवसांत पंचवीस ठिकाणं करणारे पॅकेज असतात त्यात तुम्हाला फक्त गाडीची काच दिसते. आणि ते दगड विकत घेऊ नका, पोरं आणतात हातात धरून, पण बघा आणि परत द्या, डोंगर उकरून संपत चाललेत ते.

आम्ही पायी फिरलो. लांग्झाहून हिक्कीम, तिथं 14567 फुटांवर पोस्ट ऑफिस आहे, 1983 पासूनचं, आणि टपाल तिथून काझाला जातं. पुढं कोमिक, पंधरा हजार फूट, तिथं पाण्याची ओढ आणखी जास्त. मग किब्बर, तिथं गावकऱ्यांनी गुरांचा विमा चालवलाय, हिमबिबट्यानं जनावर मारलं तर भरपाई मिळते म्हणून बिबट्याला कुणी मारत नाही. तिथून चिचमचा पूल, 2017 ला झाला, खाली हजारेक फूट खोल घळ. त्याआधी दोरावरच्या पाळण्यातून माणसं या बाजूची त्या बाजूला जायची, आजारी माणूससुद्धा. मी पुलाच्या मध्यावर उभं राहून खाली बघितलं आणि कठडा सोडवेना.

जायचं कधी विचाराल तर जून ते सप्टेंबर, मनालीकडची कुंझुम खिंड साधारण तेवढीच उघडी असते, किन्नौरचा रस्ता एरवीही चालू राहतो पण दरडी आणि बर्फ बघून. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या हिमाचलात पावसानं रस्ते बंद पडतात, हातात दोन-तीन दिवस जादा ठेवा. आणि रोख पैसे जवळ ठेवा, वरच्या गावांत नेटवर्कचा भरवसा नाही.

हिक्कीमहून मी आईला कार्ड टाकलं होतं. लिहिलं होतं, आपल्या शाळिग्रामाचं गाव सापडलं, इथं पण दारं धरतात. मी घरी पोचल्यावर चांगले बारा दिवसांनी कार्ड आलं, तिला डोळ्यांनी दिसत नाही नीट म्हणून मीच वाचून दाखवलं. दोनदा वाचून घेतलं तिनं. मग म्हणाली, त्या बाईच्या वाटाण्याला शेवटचं पाणी मिळालं का गं?

मिळालं होतं. आम्ही निघालो त्या दिवशी सकाळीच त्यांची पाळी होती.

नमस्कार.