हुरुपाची वाट बघू नका
(नेरुळ येथे ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मतदानाच्या सकाळी अंगात लोकशाही संचारते, असं माझं तरी कधी होत नाही. सुट्टी असते, चहा निवांत होतो, पेपर लांबतो, मग 'ऊन उतरल्यावर जाऊ' असं ठरतं. लोक याला उदासीनता म्हणतात. मला त्यात आळस जास्त दिसतो, आणि आळसावर भाषणाचा उपाय चालत नाही, हे भाषण देतानाच सांगून टाकतो.

२०२४ चं लोकसभेचं मतदान आपल्याकडे २० मे रोजी झालं. सोमवार, त्यात मे महिना! अर्धी सोसायटी गावी, उरलेली लोणावळ्याला. मग नोव्हेंबरात विधानसभेसाठी आयोगाने मुद्दाम बुधवार निवडला, शहरी मंडळींना जोडून सुट्टी मिळू नये म्हणून. दांडीबहाद्दर पोरांना मास्तर पहिल्या बाकावर बसवतात, तसं आपलं झालं.

त्या बुधवारी बेलापूर मतदारसंघात मंदा म्हात्रे यांनी संदीप नाईक यांना हरवलं ते ३७७ मतांनी. कोण जिंकलं याच्याशी मला इथं कर्तव्य नाही. पण ३७७ म्हणजे किती? सीवूड्सच्या एखाद्या मोठ्या संकुलातल्या दोन-तीन टॉवरांत तेवढे मतदार सहज निघतील. १८९ जणांनी इकडचं मत तिकडे टाकलं असतं तर निकाल उलटा लागला असता. तुमच्या एकट्याच्या मताने तो फिरला नसता, हेही खरं. उगाच खोटं कशाला सांगू? पण घरी कुणी एकटा बसत नाही हो. "गेलात का?" "नाही, बघू." जिन्यात एवढं बोलणं झालं की दोन्ही दारं बंद. आणि समोरचा चपला घालताना दिसला की आपणही निघतो. म्हणून मनाची तयारी बिनतयारी सोडा, आदल्या रात्री शेजाऱ्याशी वेळ ठरवा.

सकाळचीच ठरवा. शिक्षक असताना मी केंद्रावर ड्युटी केली आहे. सातच्या ठोक्याला रांगेत आजोबा आणि धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या बायका. दुपारी शुकशुकाट. पाचनंतर सगळी झुंबड. सहाला दार बंद करताना रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे क्रमांकाच्या चिठ्ठ्या वाटत यायच्या, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. चिठ्ठी मिळाली की कितीही उशीर होवो, मत देता येतं.

महापालिकेला तर आपण आणखी दुय्यम धरतो. नवी मुंबईत २०१५ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. मधली पाचहून जास्त वर्षं प्रशासक. नळाला पाणी नाही, तर कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं? तेव्हा चडफडणारे आपणच होतो.

खरी अडचण मात्र यादीची. इथं बरेच लोक अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. घर घणसोलीतून नेरुळला आलं, नाव राहिलं घणसोलीत. ओळखपत्र खिशात असून उपयोग नाही, नाव यादीत हवं. पत्ता बदलायचा तर फॉर्म ८, आणि तो वेळेत, मतदानाच्या बरंच आधी. आदल्या दिवशी केंद्रावरचा माणूस काय करणार बापडा. आणखी एक, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात, ती वेगळ्या पाकिटात ठेवतात.

बाकी प्रश्न नंतर घेऊ. खाली ऑफिसात आपल्या मुलांनी दोन लॅपटॉप लावलेत. ओळखपत्रावरचा क्रमांक सांगा, नाव कुठल्या केंद्रावर आहे ते लगेच दिसेल. आठपर्यंत बसणार आहेत ती. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनाही हाक मारून आणा.