वहीतल्या मोकळ्या जागा

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात बिऱ्हाडे पाच होती आणि रेडिओ एकच, तोही घरमालक अण्णांच्या माजघरातल्या फळीवर, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून ठेवलेला. बटण फिरवले की आतले व्हॉल्व्ह तापून आवाज फुटायला थोडा वेळ लागे, आणि तेवढ्यात अण्णा सुईकडे अशा नजरेने पाहत, की जणू स्टेशन त्यांच्या परवानगीशिवाय लागणारच नाही. दर बुधवारी रात्री आठ वाजता आम्ही मुले तेथे भिंतीला टेकून बसलेली असू, कारण त्या वेळी रेडिओ सिलोनवरून अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ सादर करीत.

आपल्याच मुंबईत तयार झालेली गाणी आपण कोलंबोहून का ऐकत होतो, हे आजच्या मुलांना सांगूनही पटत नाही. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे शास्त्रीय संगीताचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीवर त्यांच्यामुळे मानाचे स्थान मिळाले, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण श्रोत्यांनी सुई सिलोनकडे वळवली, ती वळवलीच. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, तेव्हा ती गाणी स्वदेशी परतली खरी, तरी बुधवारची सवय काही सुटली नाही.

सिलोनचे कार्यक्रम लघुलहरींवरून येत. या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावर आदळून परत जमिनीकडे वळतात आणि तो थर सतत बदलत असल्याने आवाज कधी घागर भरल्यासारखा चढतो, तर कधी ऐन अंतऱ्यात विरून जातो. त्यामुळे आमच्या पिढीने ऐकलेली कित्येक गाणी अर्धीच होती. मी गाण्यांची वही ठेवली होती. गाणे सुरू झाले की शिसपेन्सिलीने भराभर शब्द उतरवायचे आणि जेथे खरखर आली तेथे एक आडवी रेघ ओढून जागा मोकळी सोडायची, हा माझा नेम होता. तेच गाणे पुन्हा लागेपर्यंत कधी आठवडा जाई, कधी महिना. ते लागल्यावर ती एक रेघ भरण्यासाठी जिवाचा कान करून ऐकावे, तर नेमके त्याच वेळी कोणीतरी अंगणात बादली आपटे!

विविध भारतीचे स्टेशन सिलोनपेक्षा स्वच्छ लागे, आणि तेथे मला आणखी एक सवय लागली, ती नावांची. निवेदक गाण्याआधी गायकाबरोबरच चित्रपटाचे, गीतकाराचे आणि संगीतकाराचे नाव सांगत. फर्माइश करणाऱ्यांची यादी तर गाण्याइतकीच लांबे. झुमरीतलैया नावाचे गाव भूगोलाच्या पुस्तकात आम्हाला कधी भेटले नाही, पण फर्माइशींमुळे ते त्र्यंबकेश्वराइतके ओळखीचे झाले होते. एखादी चाल कोणाची, हे आम्ही सुरुवातीच्या वाद्यमेळावरून ओळखत असू, ते काही आमचे कान विशेष तयार होते म्हणून नव्हे, तर नावे रोज कानांवर पडत होती म्हणून. आज फोनवर गाणे क्षणात मिळते, पण ते लिहिणाऱ्याचे नाव शोधावे लागते, आणि मला ही खरखरीपेक्षा मोठी उणीव वाटते.

मराठी गाण्यांसाठी मुंबई केंद्राची ‘आपली आवड’ होती. ती लागली की स्वयंपाकघरातून काकूही उंबऱ्यापर्यंत येत; हिंदी गाण्यांना त्या ‘तुमची गाणी’ म्हणत आणि भावगीतांना ‘आपली’. पुढे ट्रान्झिस्टर आले, रेडिओ गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, धुणे धुणाऱ्यांच्या शेजारी पायरीवर येऊन बसला आणि अण्णांच्या माजघरातली गर्दी ओसरली.

ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यातल्या बहुतेक रेघा भरल्या गेल्या, पण एका गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यातला एक शब्द वर्षभर काही केल्या हाती लागेना, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने कंटाळून मात्रांत बसेल असा स्वतःचाच एक शब्द तेथे शाईने लिहून टाकला. पुष्कळ वर्षांनी ते गाणे स्वच्छ ऐकायला मिळाले. कवीचा शब्द अर्थातच सरस आहे, हे मी मान्य करतो. आमच्या घरात मात्र आजही, अगदी नातवंडांकडूनही, बहिणीचाच शब्द गायला जातो, आणि कोणी बाहेरचा दुरुस्ती करू लागला, तर त्याला ती वही काढून दाखवली जाते.