धूर पुन्हा ज्योतीत सोडताना

नमस्कार. आजचा विषय गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचा आहे. नैसर्गिक वायूत नायट्रोजनची संयुगं जवळपास नसतातच, तरीही चिमणीतून नॉक्स, म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडं, बाहेर पडतात. हा नायट्रोजन हवेतला असतो. ज्योत साधारण 1500 अंश सेल्सिअसच्या वर गेली की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळायला लागतो, आणि तिथून पुढे तापमान थोडं वाढलं तरी नॉक्स झपाट्याने वाढतो. म्हणून सरासरी तापमानापेक्षा ज्योतीतला सर्वांत तापलेला भाग थंड करणं महत्त्वाचं.

त्यासाठी थंड झालेला धूर परत बर्नरमध्ये घेतात. धुरातला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ जळत नाहीत, फक्त उष्णता शोषतात, शिवाय ऑक्सिजन विरळ होतो. गॅसवर 15 ते 20 टक्के धूर फिरवला तर नॉक्स निम्म्याहून खाली येऊ शकतो. फर्नेस ऑइलवर मात्र फायदा बेताचाच, कारण तिथला बराचसा नॉक्स इंधनातल्याच नायट्रोजनपासून होतो. त्यात गंधकामुळे फिरणाऱ्या धुराचा डक्ट आम्लाने कुजतो तो वेगळाच.

आता आकडे मांडू. धुराचा पाइप एफडी फॅनच्या, म्हणजे बर्नरला हवा पुरवणाऱ्या पंख्याच्या, तोंडाशी जोडला आहे असं धरा. 35 अंशांची 100 भाग हवा आणि 180 अंशांचा 20 भाग धूर मिसळला की मिश्रण 59 अंशांच्या आसपास येतं. फॅनला वस्तुमान 20 टक्के जास्त ओढायचं असतं. पण मिश्रण गरम, म्हणजे हलकं, म्हणून आकारमान जवळजवळ 30 टक्क्यांनी वाढतं. बर्नरमधला दाबाचा ऱ्हास दीडपटीवर जातो आणि फॅनला लागणारी शक्ती दुप्पट होते. जुन्या बॉयलरला नुसता पाइप जोडला की पूर्ण भाराला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो, त्याचं कारण हेच. फॅन बदला, नाहीतर बॉयलरची क्षमता कमी धरा. तिसरा मार्ग नाही.

धूर नेमका किती फिरतोय हे डॅम्परच्या, म्हणजे धुराच्या वाटेतल्या झडपेच्या, काट्यावरून ठरवू नका, विंडबॉक्समधला, म्हणजे बर्नरला हवा देणाऱ्या पेटीतला, ऑक्सिजन मोजा. हवेत 20.9 टक्के आणि धुरात 3 टक्के असेल, तर 20 टक्के फिरवल्यावर विंडबॉक्समध्ये सुमारे 17.9 टक्के दिसायला हवा. 18.6 दिसला तर 15 टक्केच फिरतोय. धुरातच 6-7 टक्के ऑक्सिजन असेल, तर आधी जादा हवा आणि धुराच्या बाजूच्या गळत्या आवरा. असा धूर ऑक्सिजन फारसा विरळ करत नाही, फॅनवरचा बोजा मात्र वाढवतो.

ट्यूनिंगचा क्रम मोडू नका. धुराचा डॅम्पर बंद ठेवून प्रत्येक भाराला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड बसवा. मग धूर थोडा थोडा वाढवा आणि दर पायरीला हवा पुन्हा जुळवा. ज्योतीची घरघर सुरू झाली किंवा ज्योतीवर नजर ठेवणाऱ्या स्कॅनरचा सिग्नल हलायला लागला की एक पायरी मागे या. कमी भाराला ज्योत आधीच दुबळी असते, तिथे धूर कमीच ठेवा. म्हणून धुराच्या डॅम्परला स्वतंत्र सर्व्हो, म्हणजे तो फिरवणारी मोटर, हवा. एकाच लिंकेजवर, म्हणजे जोडदांड्यावर, हवा आणि धूर दोन्ही नीट जुळत नाहीत.

थंड बॉयलर सुरू करताना डॅम्पर बंदच असला पाहिजे. गॅसच्या धुराचा दवबिंदू, म्हणजे ज्याखाली वाफेचं पाणी होतं ते तापमान, 55 अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे थंड डक्टमध्ये पाणी सुटतं, फॅनच्या केसिंगमध्ये साचतं आणि पत्रा गंजतो. डक्टला उतार द्या, सर्वांत खालच्या जागी ड्रेन ठेवा, इन्सुलेशन करा.

नोंद करताना 3 टक्के ऑक्सिजनवर आणलेला नॉक्स लिहा, म्हणजे धुरात 3 टक्के ऑक्सिजन असता तर जो आकडा आला असता तो. यंत्र 6 टक्के ऑक्सिजनला 40 पीपीएम दाखवत असेल, तर खरा तुलनेचा आकडा 48 आहे.

याच तत्त्वाचं टोक म्हणजे ज्वालारहित ज्वलन. 1990 च्या आसपास जर्मनीत व्यूनिंग यांनी ते औद्योगिक भट्ट्यांसाठी विकसित केलं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा बर्नरवर काम झालं आहे. इथे वेगळा डक्ट नसतो. हवेचा वेगवान झोत भट्टीतलाच धूर, हवेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त, ओढून घेतो. मात्र भट्टी आधी 850 अंशांच्या वर तापलेली हवी, तरच मिश्रण आपोआप पेटतं. तोवर नेहमीच्या ज्योतीवर चालवावं लागतं. बॉयलरच्या भिंतींमागे पाणी असल्याने त्या इतक्या तापत नाहीत, म्हणून ही पद्धत तिथे सरळ उचलून बसवता येत नाही. पोलाद तापवायच्या भट्ट्यांत मात्र ती चांगली रुळली आहे.