लवंग नको, केळं नको: अमेरिकन गव्हाची बिअर घरी

मंडळी, पत्रिकेवर ‘अमेरिकन व्हीट बिअर आणि यीस्टची निवड’ असं छापलंय. यीस्टवर येणारच आहे. पण आधी तुसाबद्दल बोलू द्या, कारण घरी ही बिअर करणारे यीस्टपर्यंत पोचण्याआधी चोथ्यापाशीच अडकतात.

बार्लीच्या दाण्याला टरफल चिकटलेलं असतं. मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात भिजवतो तेव्हा, त्याचाच थर तळाशी बसतो आणि त्यातून वर्ट, म्हणजे धान्याचा गोड रस, गाळून खाली येतो. गव्हाचं टरफल मळणीतच उडून जातं. उरतात प्रथिनं आणि चिकट पेंटोसन. मग मॅशच्या भांड्याचा नळ उघडला की आधी दोन लिटर झरझर येतात, पुढे धार बारीक होते, शेवटी थेंब. त्या क्षणी नव्वद टक्के लोक नळ आणखी उघडतात! त्याने चोथा खाली खेचला जाऊन लापशीसारखा घट्ट बसतो आणि संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

उपाय सोपा. पाव किलो भाताचं तूस धुऊन, भिजवून मॅशमध्ये मिसळा. कोरडं घातलंत तर तेच पाणी पिऊन टाकतं. नळ पहिली दहा मिनिटं जेमतेम उघडा. तरीही तुंबलंच, तर नळ बंद करून चोथा हलक्या हाताने ढवळा, दहा मिनिटं बसू द्या, पुन्हा सावकाश सुरू करा. जाळीच्या पिशवीत मॅश करणाऱ्यांना तुसाची गरज नाही. आणि दळताना गहू वेगळा दळा. दाणा बारीक आणि टणक, चक्कीच्या बार्लीसाठी ठेवलेल्या फटीतून अख्खा निसटतो, वर्टची घनता १.०४८ ऐवजी १.०४० मिळाली की बिचाऱ्या माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याला, दोष देतात. इथे तूस बरोबर घेऊन आलेलं कुणी आहे? नाही ना, म्हणूनच इतका वेळ घेतला.

माप घ्या, १९ लिटरचं: गव्हाचा माल्ट २.३ किलो, बार्लीचा साधा पेल माल्ट २ किलो. १३ लिटर पाण्यात ६७ अंश सेल्सिअसला एक तास मॅश. मग ७६ अंशांच्या १६ लिटर पाण्याने चोथा धुवा, त्याहून तापलेल्या पाण्याने टरफलांतला तुरटपणा उतरतो. तासभर उकळी. सुरुवातीला विलामेट हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) २८ ग्रॅम, शेवटची दहा मिनिटं उरली की कॅस्केड जातीचे १४ ग्रॅम. कडवटपणा आयबीयू या एककात वीसच्या आसपास राहतो, त्याहून वाढवू नका.

हे सगळं आपण अमेरिकेत राजरोस करतो ते १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यामुळे. तरी अलाबामा आणि मिसिसिपीत परवानगीला २०१३ उजाडलं. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना कृती पाठवण्याआधी तिथला १९४९ चा दारूबंदी कायदा आठवा. विनापरवाना तिथे हे चालत नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. तर यीस्ट, भरभर. बव्हेरियन यीस्ट गव्हातल्या फेरुलिक आम्लापासून लवंगेचा वास काढतं, शिवाय एस्टर नावाच्या संयुगांमुळे केळ्याचा. पोर्टलंडच्या विडमर बंधूंनी १९८६ मध्ये न गाळलेली गव्हाची बिअर आणली ती आल्टबिअर या दुसऱ्या जर्मन बिअरच्या यीस्टवर. लवंग नाही, केळं नाही. तिला ‘फिकी हेफेवायझेन’, म्हणजे बव्हेरियन गव्हाच्या बिअरची फिकी नक्कल, म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यीस्ट गप्प बसलं तरच गव्हाची पावासारखी, किंचित आंबूस चव आणि हॉप्सचा लिंबाळ वास पुढे येतो. तीच या बिअरची ओळख आहे. म्हणून ‘यूएस-०५’ या कोरड्या यीस्टची ११.५ ग्रॅमची पुडी, नाहीतर वायीस्ट कंपनीचं १०१० यीस्ट. वर्ट १८ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय यीस्ट घालू नका, आणि पहिले तीन-चार दिवस तापमान तिथेच धरा. २४-२५ वर गेलं की फळांचा वास आलाच.

दोन आठवड्यांनी घनता १.०११ च्या आसपास येईल. तीन दिवस ती हलली नाही तरच बाटल्या भरा, नाहीतर बाटल्या फुटतात. १९ लिटरला ११५ ग्रॅम साखर, पाण्यात उकळून. मग २० अंशांना दोन आठवडे, आणि पुढे फ्रिजमध्ये उभ्या. दोन महिन्यांत संपवा. ताजेपणा गेला की ही बिअर निव्वळ पाणचट लागते. ग्लासच्या काठावर लिंबाची फोड लावू नका, सालीतल्या तेलाने फेस बसतो, आणि गव्हाचा एवढा खटाटोप त्या फेसासाठीच तर केला. विचारा आता प्रश्न.